राक्षसाचा हात आणि माझा नवरा

कापणीची मेजवानी मला कधीच आवडली नाही. दारू मी गाळायची, पिंपं मी घासायची, आणि ती पिऊन शहाणपण पाजळायचं पुरुषांनी. त्या वर्षी तर माझ्या हातच्या दारूनं माझाच घात केला.

आमच्या धन्याच्या, एल्डवाइनच्या मोठ्या घरात रीत अशी की मेजवानीला धनीणबाई सेथ्रिथ स्वतः मधाच्या दारूचा पेला घेऊन बाकांवरून फिरते. ज्याला काही बोलायचं असेल त्यानं पेला हातात धरून बोलायचं, की मी अमुक करीन. नसेल बोलायचं तर नुसता घोट घ्यावा नि पेला परत द्यावा, कुणी नावं ठेवत नाही. पण बोललात की बोललात. भर हिवाळ्यातल्या मेजवानीला पेला पुन्हा फिरतो, तोवर ते करून झालेलं असलं पाहिजे. नसेल तर धनीणबाई त्या माणसासमोर थांबत नाही, पेला घेऊन तशीच पुढे जाते. ती पुढे गेली की त्या माणसाची बाकावरची जागा गेली, आणि बाकावर जागा नसलेल्या माणसाला आमच्याकडे कुत्रंही विचारत नाही.

माझा नवरा ब्रोर्दा इतकी वर्षं नुसता घोट घेत आला होता. तरुणपणी नदीच्या उतारावर लढाई झाली, तेव्हा धन्याच्या जखमी बापाला पाठीवर घालून त्यानं बाहेर काढलं होतं. त्या पुण्याईवर त्याला शेकोटीजवळची जागा मिळाली होती, आणि ती ऊब तो मनापासून भोगत होता. पोट सुटलं होतं. गुडघे कुरकुरत होते. साखळ्यांचा अंगरखा डोक्यातून खाली आला तर छातीवरच अडायचा. मला असाच नवरा हवा होता, म्हातारा होणारा.

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, काळ्या तळ्यातला राक्षस. तळं दलदलीच्या पार आत आहे. त्याच्या मधोमध उंचवटा, आणि उंचवट्यावर राक्षसांचं दगडी घर. ते कुणी बांधलं हे काही विचारायला नको. माणसं लाकडाची घरं बांधतात. दगडावर दगड चढवून वर गोल छप्पर करायचं हे माणसाचं काम नव्हे. ते राक्षस कधीचेच मेले असं आम्ही धरून चाललो होतो. पण वसंतातल्या पुरानंतर तिथून आवाज यायला लागला. धुकं असलं की तो आवाज गावापर्यंत यायचा, जमिनीतून आल्यासारखा, आणि माझ्या पिंपांवरची झाकणं थरथरायची. आधी धन्याचा तांबडा बैल नाहीसा झाला. मग दोन गाई गेल्या. पाद्रीबाबा म्हणाले, ज्यानं जगात पहिल्यांदा सख्ख्या भावाला मारलं त्याच्या वंशातलं कुणीतरी आहे. तेव्हापासून तळ्यावर वामा, ते सापासारखे मासे, धरायला कुणी जाईना, नि छपरांना घालायला देवनळ आणायलाही कुणी जाईना.

त्या मेजवानीला डुन्ना आधी बोलला. डुन्ना म्हणजे धन्याच्या बहिणीचा मुलगा, नवी मिशी नि नवी तलवार. आपण उत्तरेकडच्या दरोडेखोरांना हाकलून लावू, असं काहीतरी तो बोलला आणि बसताबसता त्यानं ब्रोर्दाकडे पाहिलं. म्हणाला, "ब्रोर्दाकाका काही बोलायचे नाहीत. काकांची ढाल इतकी गुळगुळीत आहे, काकू तिच्यावर भाकरी थापते म्हणे."

सगळे हसले. मीही हसले असते, कारण मी खरंच एकदा थापली होती. ब्रोर्दा मात्र हसला नाही. पेला नुकताच त्याच्या हातात आला होता. तो उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मी काळ्या तळ्यावर जाईन. तिथल्या राक्षसाचा हात आणून या घराच्या दारावर टांगीन."

मी पिंपाजवळ उभी होते. हातातला ओगराळा तसाच पिंपात पडला.

घरी आल्यावर मी त्याला काय नाही म्हटलं. पाय मोडला म्हण, ताप आला म्हण, वेड लागलं म्हण, ते तर खोटंही नाही. तो जोडे काढत बसला होता. "पेला हातात होता, तेट्टा," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, त्या पेल्यात काय होतं ते मला विचार, मी केलंय ते, मध नि पाणी होतं. त्यावर तो हसला आणि झोपला. माणसानं मरणाचा शब्द द्यावा आणि घोरावं, याचा मला भयंकर राग आला.

पण त्याच्याहून जास्त राग टिल्बर्टचा आला. टिल्बर्ट हा धन्याचा भाट. तारा छेडत जुन्या वीरांची गाणी म्हणतो, आणि आवाज असा की दगडाला पाझर फुटावा. माणूस म्हणून मात्र अगदी पोकळ. मेजवानी होऊन थोडे दिवस झाले असतील, मी जव भिजत घालत होते तर हा दारात येऊन उभा. म्हणाला, ब्रोर्दावर मोठं गाणं करतोय. मी म्हटलं, अजून तो गेलाही नाही. तर म्हणे, आधी करून ठेवलेलं बरं, ऐनवेळी घाई होते. मी विचारलं, शेवट काय केलास? त्यानं मान खाली घातली. त्याच्या गाण्यात राक्षसही मरत होता आणि माझा नवराही. वीर जिवंत परत आला तर गाण्याला शेवटच उरत नाही, असं त्यानं मला समजावून सांगितलं. जसं काही मी चिमूटभर मीठ कमी घातलं होतं आणि तो कालवणाची चव सांगत होता.

मग त्यानं विचारलं, "तेट्टा, बातमी आली की तू काय करशील? म्हणजे केस मोकळे सोडशील, की नुसती बसून राहशील?"

हातात भिजल्या जवाची टोपली होती, ती मी त्याच्या डोक्यावर उपडी केली. पण तो गेल्यावर मी खरोखर नुसती बसून राहिले. त्याच्या गाण्यात माझा नवरा मेला होता, नि गावातल्या बायका माझ्याशी आत्तापासूनच हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या. मला गाणं नको होतं. मला नवरा हवा होता.

ब्रोर्दा आज जातो, उद्या जातो करत राहिला. आधी म्हणे डुकरं मारायची आहेत. मग छप्पर शाकारायचं आहे. मग सरपण. घरातलं एकेक काम तो असं संपवत होता, की माझ्यामागे काही राहायला नको. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी सरपणाच्या ढिगामागे जाऊन रडून घेतलं. आणि बघता बघता हिवाळ्याच्या मेजवानीचा दिवस उजाडला.

सकाळी दव गोठून पांढरं झालं होतं. त्यानं कातड्याचा अंगरखा घातला, कारण साखळ्यांचा होईना. भाला घेतला, ढाल घेतली. मी भाकरी नि चीज बांधून दिलं. तो म्हणाला, येऊ नकोस. मी म्हटलं, नाही येत. तो वळणाआड गेल्यावर दारू ढवळायचा माझा लांब दांडा घेतला आणि त्याच्यामागून निघाले.

तळ्याच्या काठावर त्यानं मला पाहिलं. रागावला नाही, उलट थोडी सुटका झाल्यासारखा दिसला. "घरी जा," म्हणाला.

"तू आत गेलास की जाते," मी म्हटलं.

तेवढ्यात तो आवाज आला. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. पाण्यावरचा पापुद्र्यासारखा बर्फ तडकला. दगडी घराचं काळं भगदाड समोर दिसत होतं, आवाज त्यातूनच येत होता. ब्रोर्दानं भाला या हातातून त्या हातात घेतला, पुन्हा या हातात घेतला. मग तो म्हणाला, "तेट्टा, मला फार भीती वाटतेय." आणि पाण्यात उतरला.

मी त्याला कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे जाताना पाहिलं. तो उंचवट्यावर चढला, खोकला, आणि वाकून त्या भगदाडात शिरला. आतून पुन्हा तोच आवाज आला. मग ब्रोर्दाची एक किंकाळी आली. मग काहीच नाही.

मी उभी होते. माझ्या डोक्यात टिल्बर्टच्या तारा वाजायला लागल्या. मनात आलं, झालं त्या भाटाच्या मनासारखं. आणि या विचारानंच मला इतका संताप आला की भीती जिथल्या तिथे राहिली. दांडा डोक्यावर धरून मी पाण्यात उतरले. ते पाणी कसलं, सुऱ्याच होत्या. मी अर्ध्यात असेन, तेव्हा आतून हाक आली.

"तेट्टा! लवकर ये. वासरू अडलंय!"

आत अंधार होता, शेणाचा वास होता, आणि चांगलं उबदार होतं. डोळे सरावले तसा मला आधी तांबडा बैल दिसला. धन्याचा हरवलेला बैल, चांगला गुबगुबीत झालेला. त्यानं मान वर करून हंबरडा फोडला. वरच्या गोल दगडी छपरात तो आवाज असा घुमला की मी कानांवर हात ठेवले. राक्षसानं खाल्ला म्हणून ज्याच्यासाठी आम्ही हळहळलो, तोच हा. पुरात इकडे अडकला असेल, आणि उंचवट्याच्या पलीकडच्या बाजूला गवत इतकं माजलेलं की परत यायची त्याला गरज वाटली नसेल. गाई त्याच्या आवाजामागे आल्या असतील. आवाज ओळखीचा वाटत होता असं आता गावात जो तो म्हणतो. तेव्हा एकही बोलला नव्हता.

एक गाय कोपऱ्यात उभी होती. दुसरी आडवी पडली होती, आणि माझा नवरा भाला फेकून तिच्यामागे गुडघ्यांवर बसला होता. "पाय धर," म्हणाला. मी पाय धरले. आम्ही दोघांनी ओढलं. कितीतरी वेळ काही होईना. तो गाईशी बोलत होता, मला शिव्या देत होता, देवाचं नाव घेत होता, सगळं एकाच दमात. शेवटी वासरू एकदम सुटून आलं आणि आम्ही दोघं मागच्या मागे पडलो. वासरू शिंकलं. ब्रोर्दा कोपरापर्यंत रक्तात माखला होता आणि हसत होता. मी त्याच्या थोबाडीत मारली, मग त्याच्या गळ्यात पडून रडले.

तो हात धुवायला मागच्या डबक्याकडे गेला. तिथे जमीन खचून खाली पाणी साठलं होतं. त्यानं पाण्यात हात घातला आणि या खेपेला अशी किंकाळी फोडली की बैलही गप्प झाला. पाण्यातून बोटं वर आली होती. एकेक बोट माझ्या मनगटाएवढं.

तो राक्षसाचा हात होता. खांद्यापासून तुटलेला, जवळजवळ माझ्या उंचीचा. नखं होती, शिरा होत्या, कोपराची वळीसुद्धा होती. अंग हिरवं आणि गार. मी दांड्यानं ठोकून पाहिलं तर घंटेसारखा वाजला, कारण आतून पोकळ होता. राक्षस मेले की असेच होत असावेत, हिरवे आणि पोकळ. बाकीचं शरीर कुठे दिसलं नाही आणि आम्ही शोधतही बसलो नाही.

देवनळाचा तराफा बांधून हात पाण्यापलीकडे आणला आणि मग बैलाला जुंपून ओढत घेऊन निघालो. मागे गाई, वासरू ब्रोर्दाच्या खांद्यावर. वाटेत मी त्याला म्हटलं, सरळ सांग की मारला. बघायला कोण होतं? मी होते, मी शपथ घेते. बैलाचं मग हळूच सांगू. तो वासराचे पाय छातीशी धरून चालत राहिला. त्याचं हे गप्प राहणं मला चांगलंच ठाऊक आहे, म्हणून घर जवळ येईल तसा माझा जीव पुन्हा खाली-वर व्हायला लागला. राक्षसाच्या तावडीतून सुटलेला माणूस आता स्वतःच्या तोंडानं बुडणार होता.

आम्ही मोठ्या घरात शिरलो तेव्हा मेजवानी लागली होती. वासराच्या अंगावरचं रक्त ब्रोर्दाच्या खांद्यावर वाळलं होतं. दारात तो हिरवा हात पाहून दोन बाक आपोआप रिकामे झाले. एल्डवाइन उठून उभा राहिला. डुन्नाचं तोंड उघडंच राहिलं. टिल्बर्ट मात्र ब्रोर्दाकडे पाहत होता, आणि कालवण करपल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

धन्यानं विचारलं, काय झालं ते सांग. आणि माझ्या नवऱ्यानं सगळं सांगितलं. बैलाचं सांगितलं, गाईचं सांगितलं, स्वतःची किंकाळीसुद्धा सोडली नाही. "राक्षस मी मारला नाही, धनी," तो म्हणाला. "तो आधीच मेलेला होता. केव्हा, कुणास ठाऊक. मी फक्त त्याचा हात उचलून आणला."

आधी कुणीतरी हसू दाबलं. मग डुन्ना बोलला. "म्हणजे काका, तुम्ही बैलाला घाबरलात, गाईचं बाळंतपण केलंत नि मढ्याचा हात आणलात. यात पराक्रम कोणता?"

आता हसू दाबायची गरज कुणाला वाटली नाही. ब्रोर्दा आपल्या जागेवर जाऊन बसला, खाली बघत. मी पिंपाजवळ होते आणि हातातला ओगराळा मी इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. कारण पेला निघाला होता.

सेथ्रिथ धनीणबाई कमी बोलणारी बाई. ती एकेकासमोर थांबत आली. डुन्नासमोर आली. त्या वर्षी दरोडेखोर आलेच नव्हते, हाकलायचं कुणाला, तरी ती थांबली. घोट घेताना त्याचे कान लाल झाले. मग ती ब्रोर्दासमोर आली. पेला तिच्या हातातच राहिला. सगळं घर बघत होतं.

"ब्रोर्दा," ती म्हणाली, "तू त्या भगदाडात वाकून शिरलास, तेव्हा आत काय आहे असं तुला वाटत होतं?"

"राक्षस," ब्रोर्दा म्हणाला.

"जिवंत?"

"जिवंत, बाई."

"आणि तरी शिरलास."

"हो."

"मग आत काय निघालं याच्याशी मला काय करायचंय?" असं म्हणून तिनं पेला त्याच्या हातात दिला. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तळ्यावरून वामा आणायला उद्यापासून कोण कोण जाणार आहे? आता तर नुसतं गवत आहे तिथे."

पहिल्यांदा एल्डवाइन हसला, मग सगळे. पण हे हसणं वेगळं होतं. मी पिंपाच्या झाकणावर बसले आणि तिथल्या तिथे ओगराळाभर दारू घटाघटा प्यायले. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

टिल्बर्ट माझ्याजवळ आला. बिचाऱ्याचे डोळे भरले होते. म्हणाला, गाणं इतकं चांगलं उतरलंय, आता काय करू त्याचं? शेवटी वीर राक्षसाच्या गुहेतून काय ओरडतो ते मला सुचत नव्हतं, ब्रोर्दा खरंच काय ओरडला? मी सांगितलं, वासरू अडलंय असं ओरडला. टिल्बर्टनं बोटांवर मात्रा मोजल्या आणि म्हणाला, नाही बसत. मला त्याची पहिल्यांदाच दया आली. मी म्हटलं, म्हण तुझं गाणं जसं आहे तसं. आता काय फरक पडतो?

धन्यानंही परवानगी दिली. टिल्बर्टनं ते गायलं आणि घरात एकाचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. सगळ्यात जास्त ब्रोर्दा रडला.

त्याला आता पुष्कळ हिवाळे झाले. हिरवा हात अजून दारावर आहे. वारा सुटला की वाजतो, आणि चिमण्यांनी त्याच्या पोकळीत घरटी केली आहेत. ते वासरू म्हातारं झालं. गाणं मात्र आमच्याहून जास्त फिरलं. लांबलांबच्या घरांतून पाहुणे येतात, मेजवानीला तेच गाणं मागतात, आणि ब्रोर्दा वीराची समाधी कुठे आहे ते हळूच विचारतात. ब्रोर्दा त्यांना डुकरांच्या वाड्यामागची टेकडी दाखवतो. ते टोप्या काढतात. मग तो त्यांच्याच बाकावर बसून वामांचा रस्सा ओरपतो आणि गाणं ऐकतो.

शेवट जवळ आला की तो चमचा खाली ठेवतो. राक्षस कोसळतो, वीर कोसळतो, बायको काठावर केस मोकळे सोडते, आणि ब्रोर्दा दर खेपेला रडतो, जसं काही तो माणूस त्याचा कुणी सख्खा होता. मी तेव्हा पिंप सोडून त्याच्याजवळ जाऊन बसते आणि बाकाखाली त्याचा हात हातात घेते. हात जाडजूड आहे, खरबरीत आहे, रश्श्यानं चिकट झालेला असतो. आणि चांगला गरम असतो.